आठ खेळांचं मशीन कुणी जोडलं

नाशकात द्वारका चौकाजवळच्या माझ्या दुकानात आठ खेळांचं जे व्हिडिओ गेमचं मशीन होतं, ते मी जोडलेलं नव्हतं. हे पहिल्यांदा सांगतो आणि मग बाकीचं.

ते मशीन माझ्या नावावर ओळखलं गेलं. वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर त्याच्याशेजारी उभा असलेला माझा फोटो छापून आला. बाजारातल्या मंडळींनी मला शाल आणि नारळ दिला. मी दोन्ही घेतलं. जोडणी मात्र माझ्याकडे कामाला असलेल्या एका बाईंनी केली होती. मी हे लिहिणार आहे असं त्यांना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा की. पण माझं नाव घालू नका. तुमच्या सहीनं माझी ओळख व्हायला नको मला परत." म्हणून त्यांचं नाव नाही, आणि त्यांचं नाही तर इतर कुणाचंही नाही.

माझा मूळ धंदा टीव्ही दुरुस्तीचा. मी काही कच्चा मिस्तरी नव्हतो. मागचं झाकण काढायच्या आधी, नुसता आवाज ऐकून मी ब्लॅक-अँड-व्हाइट सेटचा बिघाड सांगायचो आणि दहातले आठ वेळा तो बरोबर निघायचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर घरोघर रंगीत सेट आले, ते लवकर बिघडेनात, आणि काम ओसरलं. तेव्हा मुंबईहून एक वापरलेलं गेमचं मशीन आणून मी दुकानाच्या पुढच्या भागात ठेवलं. माणसाच्या उंचीचं प्लायचं कपाट, छातीशी दोन दांडे आणि बटणं, वर पिक्चर ट्यूब, मागे कुलपाचं दार. दार उघडलं की आत फूटभर लांबीचं एक हिरवं कार्ड. त्या कार्डातच खेळ असायचा. एक कार्ड, एक खेळ.

द्वारकेवर गाडीची वाट बघणारी माणसं, रिक्षावाले, कॉलेजची पोरं, सगळे खेळायचे. पण दोन-तीन महिन्यांत खेळ पाठ व्हायचा. एक रिक्षावाला एकदा दांडा सोडून मला म्हणाला, "शेठ, कार्ड बदला आता. तो शेवटचा राक्षस मला बघितलं की आपणहून मरतो."

कार्ड बदलायचं म्हणजे मागचं दार उघडायचं, छप्पन्न टोकांचा लांबलचक कनेक्टर ओढून काढायचा, दुसऱ्या कार्डाला लावायचा. दिवसातून चार वेळा ते केलं की कनेक्टरच सैल पडायचा. माझ्याकडे चार कार्डं जमली होती. मला वाटलं, चारही आतच बसवावी आणि पुढे एक फिरतं बटण द्यावं. गिऱ्हाइकानं फिरवावं आणि हवा तो खेळ लावावा. कल्पना माझी होती. तेवढं श्रेय मी सोडत नाही.

मी चारही कार्डांच्या तारा एकत्र केल्या. दांड्याच्या, बटणांच्या तारा सगळ्यांना सामाईक, आणि करंट मात्र फिरत्या बटणानं एकाच कार्डाला. बाकीची तीन बंद. बंद कार्ड काय करणार, असा माझा हिशेब.

मशीन चालू केलं आणि पडद्यावरचा माणूस कुणी दांड्याला हात न लावता डावीकडे चालायला लागला. भिंतीपर्यंत गेला आणि भिंतीला डोकं लावून चालतच राहिला. दुसरा खेळ लावला, तर विमान आपोआप गोळ्या झाडत सुटलं. मी दांडा बदलला. बटणं बदलली. आठवडा गेला. समोरचा चहावाला रोज कप ठेवताना पडद्याकडे बघायचा.

"अजून चालतोय का तो?"

"चालतोय."

"तुम्ही शनिवारी सुरू केलं ना ते. सांगत होतो मी. त्याला थांबवायचं तर दारावर लिंबू-मिरची लावा, नाहीतर त्र्यंबकला नेऊन सोडा. चालतच जाईल."

मी लिंबू-मिरची लावली. हेही लिहून ठेवतो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा असलेल्या माणसानं मशीनच्या पाठीमागच्या कुलपाला लिंबू-मिरची बांधली होती.

त्याच सुमारास त्या बाई कामाला आल्या. वय तिशीच्या जवळ. सातपूरच्या एका कारखान्यात सहा वर्षं कंट्रोल कार्डं जोडायच्या. कारखान्यानं कंत्राटावरच्या बायका कमी केल्या, त्यात त्यांचं काम गेलं. राहायला शहराच्या कडेच्या एका बौद्ध वस्तीत. मी त्यांना 'ताई' म्हणायचो, त्या मला 'भाऊ'. टीव्हीच्या कार्डांवरचे तुटलेले डाग परत मारायला मी त्यांना ठेवलं. डाग म्हणजे सोल्डरचा थेंब. त्यांचा डाग इतका गोल आणि चकचकीत यायचा की माझेच जुने डाग मला शेजारी ओंगळ दिसायला लागले.

तीन दिवस त्यांनी मशीनकडे नुसतं बघितलं. चौथ्या दिवशी डबा खाता खाता विचारलं, "भाऊ, बाकीची तीन कार्डं बंद म्हणता तुम्ही. पण त्यांच्या तारा तर लागलेल्याच आहेत ना?"

"तारा लागल्यात, पण करंट नाही. मेलेली आहेत ती."

"मेलेलीच ओढतात."

"म्हणजे?"

त्यांनी पोळीचा तुकडा डब्याच्या झाकणावर ठेवला आणि बोटानं रेघ काढून दाखवली. त्यांच्या ओळीत बारा घरांना मिळून एक पाण्याचा पाइप होता. कुणी कुलूप लावून गावाला गेलं आणि त्याची खालची टाकी रिकामी राहिली, नळ उघडा राहिला, की पाणी आलं तरी बाकीच्या घरात धार धरायची नाही. सगळं पाणी त्या बंद घरात. बायका आपल्या मोटारींना शिव्या द्यायच्या, दुरुस्त करून आणायच्या. शेवटी प्लंबरनं प्रत्येक घराच्या फाट्यावर एकतर्फी झडप बसवली, तेव्हा कुठे भांडणं मिटली.

"तुम्ही दांडा बदलताय भाऊ," त्या म्हणाल्या, "दांड्याचा काय दोष? चालू कार्डाचा करंट बंद कार्डांत उतरतोय. त्याला वाटतंय, कुणीतरी बटण दाबून धरलंय."

मी घास हातात धरून बसलो. चूक माझ्यासमोर उघडी पडली होती, आणि ती इतकी सरळ होती की राग यावा.

झडपेच्या जागी डायोड. डायोड करंट एकाच दिशेनं जाऊ देतो, हे मला काय, कुठल्याही मिस्तरीला ठाऊक असतं. ठाऊक असणं आणि ते इथे लावायचं सुचणं यात फरक आहे. एका कार्डाला सतरा तारा: दांड्यांच्या, बटणांच्या, नाण्याच्या. प्रत्येक तारेत एक डायोड. त्यांनी साधे डायोड लावून बघितले, तर दोन कार्डं बटण दाबलेलं ओळखेनात. मग त्यांनीच सांगितलं, जुन्या रेडिओतले काचेचे डायोड आणा, ते कमी दाब खातात. मी भंगार बाजारातून पिशवीभर रेडिओ आणले. चित्राच्या आणि आवाजाच्या तारांना डायोड चालत नाही, तिथे रिले, म्हणजे करंटनं उघडझाप होणारे स्विच, बसवले. निवडलेल्या कार्डाच्याच तारा पुढे जायच्या. तो सगळा आराखडा त्यांनी माझ्या बिलबुकाच्या पाठीमागे पेन्सिलीनं काढला.

डब्यावरच्या त्या बोलण्यानंतर सोळाव्या दिवशी मशीन चालू केलं. पडद्यावरचा माणूस उभा राहिला. नुसता उभा. चहावाला कप घेऊन आला, बघत राहिला आणि म्हणाला, "दमला वाटतं."

चाराची आठ कार्डं झाली. फिरतं बटण टक टक करत फिरवायचं आणि आठ खेळ. अशी जोडणी मी नाशकात दुसरीकडे पाहिली नव्हती.

वार्ताहर आला तो दुपारच्या वेळी. बाई त्या दिवशी सुट्टीवर होत्या. त्यानं विचारलं, "काका, ही कल्पना सुचली कशी?" मी त्याला पाण्याची गोष्ट सांगितली. आमच्या गल्लीत पाण्याचा एकच पाइप आहे, कुणी घर बंद करून गेलं की... अशी, सगळी, झडपेसकट. माझ्या घराला स्वतंत्र नळ होता आणि गच्चीवर टाकी होती. पण गोष्ट सांगताना मला ती अगदी माझीच वाटली, हे कबूल केलं पाहिजे. त्यानं ती तशीच छापली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेपर वाचला. घडी करून टेबलावर ठेवला.

"भाऊ, तुमच्या गल्लीत पण पाण्याचा असाच त्रास आहे का?"

मी म्हणालो, "पेपरवाले काहीही लिहितात हो."

त्यांनी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

त्यानंतर मी ते सुधारायला हवं होतं. पण रोज एक नवा माणूस यायचा, अभिनंदन करायचा, आणि सुधारायचं म्हणजे कालच्या माणसाकडे परत जावं लागणार होतं. पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर नेहमीची चार मिस्तरी मंडळी असायची. एकानं विचारलं, "तुमच्याकडं ती बाई आहे, ती काय करते? झाडझूड?" दुसरा म्हणाला, "त्या वस्तीतली ना? ती करते म्हणे डाग." आणि हसले. मीही हसलो. का हसलो याचं उत्तर मी बरीच वर्षं टाळलं. उत्तर सोपं आहे. मशीन त्या वस्तीतल्या बाईंनी जोडलं असं मी म्हणालो असतो, तर ते आधी त्यांना हसले असते आणि मग मला. मला त्यातल्या दुसऱ्या हसण्याची भीती वाटली.

मागणी यायला लागली. पेठ रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं मशीन घेतलं, मग सुरगाण्याच्या एका हॉटेलवाल्यानं, जीपा भरतात त्या जागेजवळ. सुरगाण्याचं मशीन महिन्याभरात बिघडलं. आम्ही दोघं जीपनं गेलो. हॉटेलवाल्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला. बाई मागचं दार उघडून गुडघ्यांवर बसल्या. तिथे वीज कमी दाबानं यायची आणि रिले अर्धवट चिकटायचे; त्यांनी तासाभरात शोधून काढलं.

हॉटेलवाला माझ्याकडे बघत म्हणाला, "मिस्तरी, तुमी तं नुसते बसून हाये. लय काम तं बाईच करते."

"शिकतेय ती," मी म्हणालो.

मशीनमागून पान्याचा आवाज येत होता, तो थांबला. आणि परत सुरू झाला.

आता त्या दाखल्याचं सांगतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान त्यानं केलं. श्रेय घेतलं ते वाईटच, पण श्रेयावर कुणाचं पोट अवलंबून नव्हतं. दाखल्यावर होतं.

नवं शतक लागून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. बायकांना इलेक्ट्रॉनिक्सची जोडणी शिकवणाऱ्या एका प्रशिक्षण केंद्रात निदेशकाची, म्हणजे शिकवणाऱ्याची, कायमची जागा निघाली. बाईंचं शिक्षण त्यात बसत होतं. वयाची अट पस्तिसाची, त्यांना चौतीस पूर्ण झालेली. म्हणजे ही एकच संधी. अट आणखी एक होती: जोडणी आणि दुरुस्तीचा दोन वर्षांचा अनुभव, मालकाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. कारखान्यानं कंत्राटी बायकांना काहीच लिहून दिलं नव्हतं. उरलो मी.

त्यांनी आठ दिवस आधी सांगितलं. रोज संध्याकाळी निघताना विचारायच्या, "भाऊ, तेवढा दाखला." सातव्या दिवशी मी लिहिला. मजकूर मला पाठ आहे. 'सदर महिला आमच्या दुकानात मदतनीस म्हणून कामास आहेत. वर्तणूक समाधानकारक.' खाली सही, शिक्का.

त्यांनी उभ्यानंच वाचला.

"मदतनीस?"

"अहो, पद्धत असते. सगळे तसंच लिहितात."

"मी कुणाला मदत केली भाऊ?"

मी बिलबुक उघडून त्यात काहीतरी शोधायला लागलो.

"आठ मशीनं गेली आपली. मी त्यात मदत केली म्हणता. मग जोडली कुणी? तेवढं तरी सांगा, मी त्याचं नाव घेईन तिथे."

"ताई, दाखला हवाय की नको?"

हे माझं वाक्य. इतक्या वर्षांत मी त्याला बरीच कारणं शोधून दिली, एकही टिकलं नाही. खरी कारणं दोन. त्यांनी मशीन जोडलं असं लेटरहेडवर लिहिलं असतं, तर पेपरातला माझा फोटो खोटा ठरला असता. आणि त्यांना ती नोकरी लागली असती, तर पुढचं मशीन जोडायला माझ्याकडे कुणी नव्हतं. एका शब्दात दोन्ही गोष्टी राखल्या जात होत्या. मी तो शब्द लिहिला.

त्यांनी दाखला घडी करून पर्समध्ये ठेवला. अर्ज केला. मुलाखतीलाही बोलावलं नाही. मदतनिसाचा अनुभव धरत नाहीत, एवढं उत्तर आलं. हातातलं मशीन पुरं करून त्या निघून गेल्या. भांडल्या नाहीत. पुरं केलेल्या मशीनमध्ये एकही डाग चुकीचा नव्हता. मी शोधला होता.

त्यानंतर माझ्याकडे मशीनं बिघडून यायला लागली आणि मला जोडणी शिकावी लागली. त्यांचंच एक मशीन उघडून तार तार मोजत शिकलो. शिकलोही. पण तोवर गल्लोगल्ली कम्प्युटर आले, सायबर कॅफे आले, पोरं तिकडे गेली. दुकान मी भाड्यानं दिलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात.

पार्ट्सच्या दुकानाचा मालक माझा जुना ओळखीचा. दोन वर्षांपूर्वी मी तिथे फ्यूज घ्यायला गेलो, तर तो म्हणाला, "तुमच्याकडच्या त्या बाई येतात कधीमधी. अंबडच्या एका कारखान्यात असतात, लाइनवर, परत कंत्राटानंच. एका संस्थेच्या केंद्रात शिकवायला लावून घेणारेत म्हणे, तासांवर. वयाची अट नाही. पण अनुभवाच्या कागदावर अडलंय काहीतरी." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काय लिहून दिलं होतं हो तुम्ही?"

मी घरी जाऊन जुनं लेटरहेड शोधलं. नवा दाखला लिहिला, एक पानभर: आठ खेळांच्या मशीनची जोडणी यांनी शोधली, यांनी केली, मी आधी दिलेला दाखला खोटा आहे. तो घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिलं. कागद वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"कागद नको भाऊ. तुमच्या कागदाचा मला अनुभव आहे. बुधवारी तिथे या आणि तोंडानं सांगा."

गेलो. कागदही घेऊन गेलो. टेबलापलीकडे तिघं होते. मधले केंद्राचे प्रमुख, निवृत्त इंजिनिअर. मला बघताच उठले. "अहो, तुम्ही ते आठ खेळांचं मशीनवाले ना? कात्रण होतं माझ्याकडे. ती पाण्याच्या पाइपाची गोष्ट मी वर्गात सांगायचो."

"साहेब, ती गोष्ट यांची आहे. मशीनही यांचं."

ते बसले. त्यांच्यासमोर फायलीत माझा जुना दाखला होता. शेजारी त्यांनी माझा नवा ठेवला.

"ही सही तुमची?"

"हो."

"आणि ही?"

"हो."

"दोन्हींत उलट लिहिलंय. आम्ही खरं कुठलं धरायचं?"

"दुसरं. पहिलं लिहिताना माझा फायदा होता. दुसऱ्यात माझं नुकसान आहे."

"आता कसलं नुकसान? मशीनच राहिली नाहीत." ते चिडून बोलत नव्हते. "एकदा खोटा दाखला देणारा माणूस ओळखीखातर दुसराही देऊ शकतो. आम्ही उद्या वर काय सांगणार? यांच्या मालकानं दोन दाखले दिले, एक खोटा आहे, कुठला ते तोच सांगतो?"

बाई माझ्या उजव्या हाताला बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, टेबलावरच्या दोन कागदांकडे बघत होत्या. मी त्यांना मदत करायला आलो होतो आणि मी आल्यामुळेच त्यांचं काम आणखी अडलं होतं. नुसता जुना दाखला असता तर त्या मदतनीस ठरल्या असत्या. आता दोन दाखल्यांमुळे त्या वशिला आणलेल्या ठरत होत्या.

तेव्हा मी आयुष्यातलं एक बरं काम केलं. म्हणालो, "साहेब, माझा शब्द सोडा. आम्हा दोघांना एकच काम द्या. एकाच बिघाडाचं. आधी मला, मग त्यांना. बाहेर बसवा एकाला."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग प्रमुखांनी वर्गातला एक फळा आणायला सांगितला. लाकडी फळ्यावर चार खोल्यांची चार बटणं, चार दिवे आणि सगळ्यांना मिळून एक घंटी. कुठल्याही खोलीचं बटण दाबलं, की त्या खोलीचा दिवा लागावा आणि घंटी वाजावी. पण पहिलं बटण दाबलं, तर पहिला आणि चौथा असे दोन दिवे लागत होते.

बाई बाहेर गेल्या. मी चष्मा लावला. मला वाटलं होतं, थोडं मुद्दाम चुकावं लागेल. तशी गरज पडली नाही. चौथा दिवा नको तेव्हा लागतोय म्हणजे चौथं बटण आतून चिकटलं असणार, असं मी धरून चाललो. बटण उघडलं, घासलं, परत लावलं. दिवा लागलाच. मग बटणाची तार बदलली. पंधरा मिनिटं झाली. मी त्यांची जोडणी शिकलो होतो, विचार करायची रीत शिकलो नव्हतो. जिथे दुखतं तिथेच चोळत बसायचं, हा माझा जन्माचा स्वभाव.

"जमत नाही," मी म्हणालो आणि उठलो. मी मात्र आतच, भिंतीशी, खुर्ची घेऊन बसलो. तशी परवानगी मागून घेतली.

बाई आल्या. हत्याराला हात लावला नाही. चारही बटणं एकेक दाबून बघितली. पहिलं दाबलं, पहिला आणि चौथा. दुसरं, दुसरा आणि चौथा. तिसरं, तिसरा आणि चौथा. चौथं दाबलं, तर एकटा चौथा.

"बटणं चांगली आहेत," त्या म्हणाल्या. "घंटीच्या तारेवर चौघांचे चार डायोड असतील. चौथ्याचा आरपार झालाय. कुणीही घंटी वाजवली की घंटीच्या तारेतून उलटं चौथ्या दिव्यात येतंय." मग स्क्रू काढला, डायोड काढला, मीटर लावून दाखवला. दोन्ही बाजूंनी वाजत होता. दोन मिनिटं पण लागली नसतील.

प्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "असंच झालं होतं. तेव्हापण मी बटणंच बदलत होतो."

प्रमुखांच्या शेजारी बसलेल्या महिला सदस्यांना हसू आवरलं नाही. प्रमुखांनी विचारलं, "हेच शिकवायला जमेल? मुलींना समजेल असं?"

"मला ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना समजलंय," त्या म्हणाल्या. "विचारलंच नाही कुणी, तर काय करणार?"

त्यांना घेतलं. आठवड्याला बारा तास, तासांप्रमाणे. मी हेही सरळ लिहितो, की ही ती नोकरी नव्हे. ती कायमची होती, त्यात रजा होती, पेन्शन होतं, आणि तिच्यासाठीचं वय निघून गेलं. माझ्या एका शब्दात ते गेलं. बारा तासांनी ते भरून येत नाही आणि या लिखाणानंही येणार नाही. हे मी भरपाई म्हणून लिहीत नाही. ज्यांनी ते कात्रण जपून ठेवलं असेल, त्यांनी त्यावर काट मारावी, म्हणून लिहितोय.

"सोमवारपासून या," प्रमुख म्हणाले. "नेमणुकीचं पत्र पोस्टानं पाठवतो."

"नको. आता द्या," बाई म्हणाल्या.

"टाइप करायला वेळ लागेल हो."

"थांबते मी."

आम्ही बाहेरच्या बाकावर थांबलो. मध्ये एका माणसाची जागा मोकळी. अर्ध्या तासानं क्लार्कनं पत्र आणलं. त्यांनी ते पहिल्या ओळीपासून वाचलं, बोट फिरवत, मग परत वरून वाचलं. एका ठिकाणी बोट थांबलं. तिथे 'सहायक' लिहिलं होतं.

"हे काढा," त्या क्लार्कला म्हणाल्या.

"मॅडम, तासांवरचे सगळे सहायकच लिहितो आपण. पद्धत आहे."

त्यांनी पत्र त्याच्या हातात परत दिलं. "आत जाऊन साहेबांना विचारा. मी बसलेय."

मी उठायला लागलो. त्यांनी हातानंच मला बसवलं. क्लार्क आत गेला. आतून बोलणं ऐकू आलं, मग टाइप करायचा आवाज. दुसरं पत्र आलं. त्यांनी तेही दोनदा वाचलं, खाली सही केली, प्रत घडी न करता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरळ ठेवली, आणि अंबडची दुसरी पाळी गाठायला निघाल्या.